मास्तरांचा कुडा

शहापूरपासून मुरबाडपर्यंतच्या डोंगरात जेवढी म्हणून झुडपं फुलतात, त्या सगळ्यांना नावानिशी ओळखणारा आणि त्या सगळ्यांना मनापासून भिणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. अंधारात दोरीला साप समजून दचकणारे पुष्कळ असतात. आमचे साडू भर उन्हात दोरीला दोरी म्हणून बरोबर ओळखतात, मग ती कुठल्या वाखाची आहे ते आठवतात, तो वाख ओला असताना अंगाला लागला तर कातडीचं काय होतं ते आठवतात, आणि मग दचकतात. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, की माणसाला अनोळखी गोष्टीची भीती वाटते, ओळख पटली की भीती जाते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाले, "तुमची अजून नीट ओळख झालेली नाही कशाशी."

ते किन्हवलीला राहतात. नोकरीत होते तोवर शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही म्हणतो, आणि चिडल्या की त्यांच्या पत्नीही म्हणतात. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात किंवा राजकारणाला. मास्तर झाडांना लागले. कुणीतरी त्यांना वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक दिलं. बाकीचे लोक असलं पुस्तक फुलांच्या चित्रांसाठी चाळतात. मास्तरांनी ते मागून वाचायला घेतलं, कारण मागच्या पानांवर विषारी वनस्पतींची सूची होती. ती संपवून ते पुढे आले तेव्हा त्यांना कळलं, की या सूचीतली निम्म्याहून अधिक मंडळी आपल्या घरापासून बसस्टँडपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभी आहेत. त्या दिवसापासून मास्तर रस्त्याच्या मधोमध चालतात. मागून गाडी आली, हॉर्न वाजला, तरी कडेला सरकायच्या आधी ते कडेला काय उगवलंय ते बघतात.

शहापूरला आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. नवरदेवाच्या गळ्यात हार पडला आणि मास्तर खुर्चीतून उठून थेट बोहल्यापाशी गेले. मला वाटलं आशीर्वाद द्यायला गेले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, हाराचं एक फूल भिंगाखाली धरलं आणि भटजींच्या मंत्रांना खंड न पाडता नवऱ्याच्या कानात म्हणाले, "यात कण्हेर आहे. घाबरायचं कारण नाही. फक्त हार चावायचा नाही." त्या पोराला लग्नाच्या फोटोंत हसताच आलं नाही. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. नवरीकडचे कितीतरी दिवस म्हणत होते, मुलगा फार गंभीर आहे.

झाडांना लागल्यावर आमच्या घरी ते पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा कुंपणाला पिवळी बिट्टी होती. मोठी देखणी फुलायची. मास्तर फाटकातून आत आलेच नाहीत. बाहेरूनच त्यांनी मला हाक मारली आणि त्या झाडाचं बी पोटात गेलं तर हृदय कसं सावकाश होत जातं ते इतकं बारकाईने सांगितलं, की मला तिथल्या तिथे स्वतःचे ठोके ऐकू यायला लागले. मी म्हटलं, "पण मास्तर, बी खाणार कोण?" ते म्हणाले, "तेच तर आपल्याला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी बिट्टी तोडली. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मास्तरांचा मात्र रोज फोन, "मुळापासून काढलीत ना?"

माहुलीच्या पायथ्याशी आम्ही दोन्ही घरं मिळून डबे घेऊन गेलो होतो, त्या दिवशीचं जेवण मी जन्मात विसरणार नाही. गर्द सावलीची झाडं सोडून आम्ही एका मोकळ्या शेतात, डोक्यावर ऊन घेऊन, उभ्याने जेवलो. कारण सावलीच्या टोकाला भिलाव्याचं झाड होतं, आणि भिलाव्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात. झाड इतकं लांब होतं की त्याचा चीक आमच्यापर्यंत यायला त्याला बसच धरावी लागली असती. पण मास्तर म्हणाले, "वारा आहे," आणि आम्ही उन्हात राहिलो.

त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताई धसईच्या. लहानपण सगळं रानात आणि आठवड्याच्या बाजारात गेलेलं. कुठली भाजी कुठल्या महिन्यात कुठल्या बांधावर येते ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मास्तर काही सांगायला लागले की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "अहो, एवढं विष असतं रानात, तर धसई कवाच ओस पडली असती." मास्तर म्हणायचे, "जे गेले ते सांगायला येत नाहीत." ताई पुन्हा हसायच्या. पण एकाच छपराखाली इतकी वर्षं रोज थेंबथेंब पडणारं पाणी भिंतीत मुरतंच. अलीकडे मी पाहत होतो, भाजी निवडताना ताई एखादं पान उचलून उजेडात धरायच्या, उलटसुलट बघायच्या, आणि मग मास्तर बघत नाहीत ना याची खात्री करून टोपलीत टाकायच्या.

ही गोष्ट गेल्या वैशाखातली. बायकोच्या मामांनी वैशाखरे गावात नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. आम्ही चौघं आदल्या दिवशीच गेलो होतो. समारंभ झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी घरात आम्ही चौघं आणि मामी एवढेच उरलो. मामा भाड्याची भांडी परत द्यायला मुरबाडला गेले होते. मास्तर आंघोळीला गेलेले असताना ताई मागच्या ओहोळाकडे जाऊन आल्या आणि ओटीत पांढरीशुभ्र फुलं भरून घेऊन आल्या. कुड्याची फुलं. आमच्याकडे ती उकडून, पिळून, कांद्यावर परतून भाजी करतात. जराशी कडवट लागते, पण वर्षातून एकदा खायचीच असते.

मास्तर पंचा गुंडाळून बाहेर आले तोवर फुलं आधणात पडली होती. ते वाफेवर वाकले. चष्म्यावर धुकं आलं.

"कुठला कुडा?" त्यांनी विचारलं.

"कुठला म्हंजे? कुडा," ताई म्हणाल्या.

"कुडे तीन आहेत. पांढरा कुडा, तो खायचा. काळा कुडा, तो वेगळा. आणि नागलकुडा. त्याची फळं विषारी समजतात. तिघांनाही पांढरी फुलं, तिघांनाही चीक. शेंग असली तर चटकन सांगता येतं. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाला चिकटलेल्या असतात, नागलकुड्याला शेंगा नसतातच, जाड जोडफळं असतात. शेंगा होत्या का?"

"फुलं हायत तर शेंगा कुठून आणू? मी धसईची हाय. मला कुडा शिकवता?"

"फुलाच्या पाकळ्या तगरीसारख्या पिळलेल्या होत्या का?"

"आता उकडल्या. आता सगळ्याच पिळते."

मामी हसायला लागल्या. माझ्या बायकोचा उपास होता, मामींना सगळ्यांना वाढून मग जेवायचं होतं, आणि मास्तरांनी तर ओळख न पटलेल्या वस्तूशी कधी पंगत केलेली नाही. त्यामुळे भाजी खाल्ली ती ताईंनी, आणि ताईंचं मन राखायला मी. मी थोडीच खाल्ली. कडू होती. ताई मात्र, मास्तर बघतायत म्हणून, दोनदा मागून घेऊन जेवल्या.

दुपारी आम्ही ओसरीवर पडलो होतो. ताई उठून मोरीकडे गेल्या आणि ओकारीचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. मामी धावल्या. ताई परत आल्या त्या भिंतीला धरून. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे.

"उन्हाचं झालं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "अहो, जीभ जड झाल्यासारखी वाटते."

एरवी ज्याने भिलाव्याच्या वाऱ्यावरही भाषण दिलं, त्या माणसाच्या तोंडून एक शब्द फुटेना. ते पाहून मी घाबरलो. मास्तर बोलत असतात तोवर धोका लांब असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि मग मला माझी स्वतःची जीभ आठवली. तीही जड वाटायला लागली. मी तिला दातांवरून फिरवून पाहिलं. बायकोने विचारलं, "तुम्हाला काय होतंय?" मी म्हटलं, "काही नाही," पण ते दोन शब्द मी इतके जपून उच्चारले की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारच्या जीपवाल्याने गाडी काढली. दवाखान्यापर्यंतच्या वाटेत ताईंना आणखी दोनदा ओकारी आली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईंना खाटेवर घेतलं, सलाईन लावलं, नाडी पाहिली आणि माझीही पाहिली. मग आम्हाला बाजूला बोलावून विचारलं, "नेमकं काय खाल्लं?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुडाच होता, हे नक्की आहे का? मला भीती वेगळीच आहे. ओहोळाच्या कडेला रानात कण्हेरही असते. पांढऱ्या फुलांची. ती असली तर मामला हृदयाचा, मग मी यांना इथे ठेवणार नाही, लगेच ठाण्याला पाठवीन. पण इतका लांबचा प्रवास यांना उगीच घडवायचा नाही. त्या झुडपाची फांदी बघायला मिळाली तर फार बरं होईल."

"मी आणतो," मास्तर म्हणाले.

खाटेवरून ताईंचा आवाज आला, "मोठ्या धोंड्याच्या पाठी हाय. वरच्या अंगाला." आणि मग, "अहो, तुमी नका जाऊ. तिथं सगळं रान हाय."

मास्तर गेले. मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या तुमची नाडी ठीक आहे, आणि कारण मला त्या खोलीत बसून जिभेचा विचार करत राहायचं नव्हतं. जीपने आम्हाला मामांच्या घरामागे सोडलं. मास्तर एरवी रानाच्या कडेला जरी गेले तरी हातात काठी असते, पावलोपावली ती जमिनीवर आपटतात आणि सापांना आपण येत असल्याची आगाऊ सूचना देतात. त्या दिवशी काठी मामांच्या ओसरीवर होती आणि ते ओसरीकडे वळलेही नाहीत. सरळ ओहोळात उतरले. पाणी आटलेलं, गोटे तापलेले. दोन्ही बाजूंनी वाळलेली खाजकुइली लोंबत होती. तिची कुसं अंगावर पडली तर माणूस कातडी ओरबाडून काढतो, हे मला मास्तरांनीच सांगितलेलं. ते तिच्याखालून वाकून गेले. वर कड्याला आग्या मोहोळाची काळी पोळी लटकत होती. मी कुजबुजलो, "मास्तर, वर मोहोळ." ते म्हणाले, "हो, पाहिलं," आणि चालत राहिले.

जीपवाला मागून येत होता. तो म्हणाला, "मास्तर, दमानं. परवा हितं बिबट्यानं शेळी नेली." मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मी आयुष्यात प्रथमच काठी नसल्याबद्दल हळहळलो.

मोठा धोंडा सापडला. त्याच्यामागे पुरुषभर उंचीचं झुडूप होतं आणि ते ताईंनी अगदी नीट खुडलेलं होतं. एक उमललेलं फूल शिल्लक नव्हतं. घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या, पानं होती, खाली करपून तपकिरी झालेल्या एकदोन पाकळ्या होत्या. मास्तरांनी पान तोडलं. देठातून दुधासारखा चीक आला आणि त्यांच्या बोटांवर ओघळला. त्यांनी तो पुसला नाही.

"कण्हेर नाही," ते म्हणाले. "पान रुंद आहे, समोरासमोर आहे. कण्हेरीचं अरुंद असतं, तीन-तीन एकत्र येतात. कण्हेर नक्की नाही." त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि माझाही सुटला.

"मग कुडाच?"

ते धोंड्याभोवती फिरले. गुडघ्यांवर बसून त्यांनी पाचोळा उपसला. मला कळलं, ते मागच्या वर्षीची एखादी वाळकी शेंग शोधतायत. मीही बसलो. जीपवालाही बसला. शेंग नव्हती. फळही नव्हतं. मास्तरांनी एक कळी भिंगाखाली धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"मिटलेल्या कळीवरून मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "पानावरून सांगणारे सांगतात. मला नाही येत."

इतकी वर्षं मी हा माणूस पाहतोय. झाडाच्या बाबतीत मला येत नाही, असं त्यांनी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. फांदी घेऊन आम्ही परत निघालो.

डॉक्टरीणबाईंनी फांदी पाहिली, मोबाइलवर कुणाला तरी फोटो पाठवला, बोलल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. कण्हेर नव्हती. ठाण्याला न्यायची घाई नव्हती. "पोट बिघडलंय, ते सावरेल," त्या म्हणाल्या. "पण त्यांना बघा. पोटापेक्षा भीतीनेच त्या जास्त हैराण झाल्यात. जरा धीर द्या." आणि त्या बाहेर दुसरा पेशंट बघायला गेल्या.

ताईंचा श्वास भराभर चालला होता. दोन्ही हातांची बोटं आकडून तळव्यात वळली होती. माझी बायको ती सरळ करायला बघत होती आणि ती पुन्हा वळत होती. मास्तर खाटेपाशी उभे राहिले. हातात फांदी.

"कुठला निघाला?" ताईंनी विचारलं.

मास्तरांनी फांदी पाठीमागे नेली.

"मला कळतंय," ताई म्हणाल्या. "तुमच्या तोंडावरून कळतंय मला. तुमी रोज सांगायचात. मी हसायची." त्यांचा श्वास आणखी वाढला. "पोरांना फोन लावा. पुण्याच्या पोरीला लावा. जीभ गेली तर बोलता नाय यायचं मला."

माझी बायको रडायला लागली. या बाईला धीर द्यायचा तर तो एकाच माणसाच्या तोंडून यायला हवा होता, आणि त्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला धीर दिलेला नव्हता. आपल्याजवळ जे नाही ते तो देणार कुठून?

मास्तरांनी फांदीवरच्या कळ्यांचा एक झुबका खुडला आणि तोंडात टाकला.

मी त्यांचा हात धरायला पुढे झालो, तोवर ते चावत होते. शांतपणे, चवीने खावं तसे. चीक ओठांच्या कोपऱ्यात आला तो त्यांनी रुमालाने टिपला. दुसरा झुबका खुडला. तोही खाल्ला. मग स्टुलावर बसले, पाय सावकाश जुळवून घेतले आणि वर्गात मुलांना सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पांढरा कुडा. खायचा कुडा. धसईचाच."

ताई बघत राहिल्या. "तुमी खाल्लंत?"

"खाल्लं. ओळख पटली, खाल्लं."

"कच्चं?"

"कच्चं."

"कडू नाय लागलं?"

"लागलं. तू उकडून नीट पिळलीस, म्हणून तुझी भाजी कमी कडू होती. मी वास घेतला होता. चांगली झाली होती. ऊन लागलंय तुला. उन्हात फुलं काढलीस, वर दोनदा जेवलीस."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या तोंडावरची भीतीची प्रत्येक सुरकुती पाठ केली होती, आणि आता त्या एकेक सुरकुती शोधत होत्या. मास्तरांनी त्यांना बघू दिलं. थोड्या वेळाने ताईंचा श्वास उतरला. बोटं उघडली. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" आणि डोळे मिटून घेतले.

मास्तर उठून बाहेर व्हरांड्यात आले. मी मागोमाग गेलो. तिथल्या बाकावर ते बसले. मी विचारलं, "खात्री होती?"

"कसली खात्री? पाहिलंत ना तुम्ही, शेंग नाही, फळ नाही, फूल नाही." त्यांनी माझं मनगट पकडलं. त्यांची बोटं बर्फासारखी होती. "तुमची जीभ कशी आहे? खरं सांगा."

"ठीक आहे."

"मला काही झालं तर तिला म्हणायचं, जीप लागली. मला जीप लागते, तिला माहीत आहे."

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या मास्तरांना इतकं बोलल्या की बाहेरचे पेशंट उठून ऐकायला आले. मग त्यांनी मास्तरांना शेजारच्या खोलीत खाटेवर झोपवलं. दिवेलागणीला मास्तर दवाखान्याच्या मागे जाऊन ओकून आले. परत आल्यावर तोंड पुसत ताईंच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जीप लागली." ताई म्हणाल्या, "पुढच्या शिटवर बसायचं ना." सकाळी दोघांनाही सोडलं.

त्यानंतर पाऊस येऊन गेला. भातं पिवळी झाली, कापणी सुरू झाली, तेव्हा मास्तरांचा मला फोन आला. "वैशाखऱ्याला जाऊन यायचंय. तुम्ही याल का?" का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरळगावला बस बदलून आम्ही गेलो. ओहोळाला अजून पाणी होतं. दोन्ही काठ हिरवे, अंगावर येणारे. मास्तर काठी आपटत, सापांना सूचना देत, मला दर पावलाला काहीतरी ओळखून दाखवत आणि घाबरवत वर चढले. मोठ्या धोंड्यापाशी आल्यावर मात्र काठी थांबली.

झुडपाला फळं लागली होती. जोडीजोडीने, जाड, केशरी, टोकाला मिशीसारखी वळलेली. एक तडकलेलं होतं आणि आत लालभडक गर दिसत होता. लांब शेंगा कुठेच नव्हत्या. मास्तरांनी भिंग काढलं नाही. काढायची गरज नव्हती. उभ्याउभ्या मलाही कळत होतं.

"नागलकुडा," ते म्हणाले.

ते धोंड्यावर बसले. धोंड्यावर काय आहे ते न बघता बसले. खाली भातखाचरांत माणसं कापणी करत होती, त्यांची बोलणी वाऱ्यावर तुटकतुटक वर येत होती.

"तेव्हा कळलं असतं, तर मी खाल्लं नसतं," ते म्हणाले. "कुणी काही म्हटलं तरी. माझ्याच्याने झालंच नसतं."

"मग ताईंना काय सांगितलं असतंत?"

त्यांनी मान हलवली. "तेच. काय सांगणार होतो मी."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले आणि कडेच्या एकाही झाडाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दोनतीनदा मुद्दाम विचारलं, हे काय, ते काय. ते म्हणायचे, "असेल काहीतरी." मी त्यांना इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं निवांतही. दोन्ही एकाच चेहऱ्यावर कसं मावतं, हे मला अजून सांगता येत नाही.

किन्हवलीला पोचलो तेव्हा ताई दारातच बसून चवळीच्या शेंगा सोलत होत्या. आता त्या पानं उजेडात धरून बघत नाहीत, हे माझ्या बायकोने मला सांगितलं होतं. दिसेल ते मजेत आणतात, मजेत शिजवतात. वर न बघताच त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब काय काढलं होतं?"

"ते झुडूप बघून आलो," मास्तर म्हणाले.

"फळलंय?"

"फळलंय."

ताईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि वर पाहिलं. "कुडाच ना?"

मास्तरांनी चपला काढल्या. एक इकडे, एक तिकडे झाली, ती पायाने सरळ केली.

"कुडाच," ते म्हणाले, आणि ताईंच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले.